शिंपल्यातलं शिसं
कालवं उकडल्याचा वास आला की मला समुद्रकाठच्या वरोर गावातलं ते घर आठवतं. तिथल्या, खडकावरची कालवं फोडणाऱ्या एका मावशीनं माझ्या अभ्यासासाठी शिंपले गोळा करून दिले होते. समुद्राच्या पाण्यात जे मिसळतं ते शिंपल्याच्या थरांत उतरतं. तपासणीत अलीकडच्या थरांत शिसं निघालं, आतल्या मांसातही. हे सांगायला तिच्या घरी गेले तेव्हा मावशी गरोदर लेकीला कालवांचा रस्सा वाढत होती. "हे खाऊ नका," मी म्हटलं, "पोटातल्या बाळाला शिसं बाधेल." लेकीचा घास हातातच राहिला. "आठवा लागलाय तिला, रोज हेच खातेय. आता सांगतेस, बाय?" मावशी म्हणाली. तिनं रस्सा बाहेर ओतला आणि लेकीपुढे कोरडा भात ठेवला. त्या शिंपल्यांवर मला पदवी मिळाली. मूल कसं झालं हे विचारायला मात्र मी अजून गेलेले नाही.