डाव्या बाजूचं शेवाळ

बायकोला माझं जवळपास सगळं ठाऊक आहे. हे नाही. कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावरचं शेवाळ घासायची त्या दिवशी माझी पाळी होती, आणि रिंगच्या डाव्या बाजूचा पट्टा मी मुद्दाम सोडला.

आमचं कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. एका रिंगच्या मागे चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत गणपती होऊन गेले तरी ओल हटत नसे. मग टीममधल्या प्रत्येकाने पाळीपाळीने सकाळी लवकर यायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची आणि सिमेंट दिसेपर्यंत खराट्याने घासायचं. आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांचा हा एकच नियम असा होता की तो मोडला तर खेळायला मिळत नसे.

मी फुलपाड्यात राहायचो. वडील मूळचे कोकणातले, मुंबईत एका कंपनीत कारकून. ती कंपनी बंद पडणार, असं आमच्या घरात दोन वर्षं रोज बोललं जात होतं. खेळाला त्यांचा विरोध नव्हता. "खेळाच्या कोट्यातून नोकरी लागत असेल तर खेळ," एवढंच म्हणायचे. युनिव्हर्सिटीच्या संघातून खेळलेल्याचा अर्ज जड होतो, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. जेवताना मधूनच विचारायचे, "मग, युनिव्हर्सिटीचं काय झालं?" तो प्रश्न यायच्या आधीच मी भराभर जेवून उठायला बघायचो.

माझ्याच जागेवर खेळणारा दुसरा एक होता. नंदाखाल गावचा, केळी-नारळाची वाडी असलेल्या घरातला. घरी त्यांची बोली, आमच्यात आला की आमच्यासारखं मुंबईचं मराठी. डावखुरा, म्हणून मी त्याला डावऱ्या म्हणायचो. तो मला फुलपाडा.

"काय रे फुलपाडा, आज तरी पास देशील, की बॉल घरी घेऊन जाणार?"

"तू रिकामा असलास तर देईन."

"मी रिकामाच असतो. तू बघत नाहीस."

तो माझ्यापेक्षा चांगला होता. डावीकडून दोन पावलं टाकून उडायचा तेव्हा त्याला अडवणारा चुकीच्या हाताकडे बघत असायचा.

निवड समितीतले एक गृहस्थ आमचा सामना बघायला येणार, असं सरांनी सांगितलं. दोघांपैकी एकालाच घेतील हे ते बोलले नाहीत, पण आम्हाला कळत होतं. सामन्याच्या सकाळी पाळी माझी होती. मधला भाग घासला, उजवी बाजू घासली. डावीकडे आलो आणि खराटा थांबला. त्या बाजूने कोण उडतो, हे मला ठाऊक होतं. तो घसरेल, चार जण हसतील, दोन बास्केट चुकतील, एवढंच माझ्या मनात होतं. पावडर मात्र तिथेही भुरभुरली, लांबून साफ दिसावं म्हणून.

दुपारी पहिल्या दहा मिनिटांतच तो घसरला. हसलं कुणीच नाही. गुडघा वळू नये त्या बाजूला वळला होता.

सरांनी विचारलं, "कोर्ट कुणी घासलं?"

"मी, सर. पूर्ण घासलं."

सरांनी त्याचा बूट काढून उलटा केला. तळ झिजून गुळगुळीत झाला होता. "असल्या बुटांवर खेळतात?" ते म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

त्याचे वडील वाडीतून तसेच आले, हात केळीच्या चिकाने काळे. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसून त्यांनी तो बूट मांडीवर घेतला.

"जूनपासून नवे मागत होता," ते म्हणाले. "मीच म्हटलं, ह्या खेपेची केळी जाऊ दे, मग बघू." थोड्या वेळाने माझ्याकडे वळले. "तू तरी सांगायचंस रे मला."

"हो काका," मी म्हटलं, "सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन मी तो पट्टा घासला. कॉलेजचा शिपाई किल्ल्या घेऊन चालला होता.

"कालच घासलंस ना? आज परत? शिक्षा झाली काय?"

"कालचं नीट झालं नव्हतं."

तो हसत निघून गेला. कितीतरी महिने मला वाटायचं, हा माणूस कधीतरी विचार करायला बसेल. स्टाफरूमच्या दारात तो सरांशी बोलताना दिसला की मी दुसऱ्या जिन्याने जायचो.

मी युनिव्हर्सिटीकडून दोन वर्षं खेळलो. कोट्यातून सरकारी नोकरी लागली, खात्याच्या संघातून तिशीपर्यंत खेळलो. प्रत्येक सामन्याआधी रिंगखालची जमीन बुटाने घासून बघायचो. सोबतचे म्हणायचे, "ह्याला खेळायचंय की लादी पुसायचीय?" नोकरी लागली तेव्हा वडिलांनी पेढे आणले आणि एक पुडा नंदाखालला द्यायला मलाच पाठवलं. काकांनी पेढे देवापुढे ठेवले, निघताना केळ्यांची फणी हातात दिली. ती मी घरी आणली. खाल्ली नाही.

डावऱ्या आता वाडी बघतो, चालताना किंचित कलतो. त्याने कधी कुणाला दोष दिला नाही. काकांनी दिला, स्वतःला. नातवाला दर सहा महिन्यांनी नवे बूट घ्यायचे, आधीचे चांगले असले तरी. सून कुरकुरायची, पण त्यांनी ऐकलं नाही.

अलीकडे आगाशीच्या बाजारात डावऱ्या भेटला. म्हणाला, "बाबा विसरायला लागलेत. परवा मलाच भाऊ समजून बोलत होते. पण ते बूट विसरत नाहीत. घेऊन बसतात तोच विषय, रडतात. मी म्हणतो, बाबा, नशीब होतं, सोडा. तू ये ना एकदा. तुझं ऐकतील."

"येतो," मी म्हटलं.

त्यानंतर एकदा निघालो, अर्ध्या वाटेवरून रिक्षा परत वळवली. त्यांना समजलं नाही तर काय, ही भीती आहे. समजलं तर काय, ही त्याहून मोठी. आणि डावऱ्या समोर असेल.

काका, चूक तुमची नव्हती, बुटांचीही नव्हती, ती जागा मी जाणूनबुजून घासली नाही. हे मला त्यांना सांगायचं आहे, त्यांना समजतंय तोवर, आणि त्यांचा मुलगा शेजारी बसलेला असताना. एवढं मी त्या घराचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.