रुमालातली भाकर

यंदाच्या ईस्टरच्या सकाळी चर्चमधून घरी परतताना चरोद्याच्या वाटेवर मोहाच्या फुलांचा गोड, जड वास असा दाटला होता, की सायकल हाणता हाणता वाटे, खिशातल्या भाकरीलाही तो लागणार. हो, भाकर! प्रभुभोजनात पाळकांनी तळहातावर ठेवलेला तुकडा तोंडात न घालता मी रुमालात बांधला होता. सत्तरी उलटलेल्या माणसानं चोरी केली होती, आणि छाती अशी उसळत होती, जणू भट्टीचं तोंड उघडलं!

चोरीची वेळ आणली माझ्याच हट्टानं. माझी बायको सुशीला वर्षभर खाटेवर. पाळक म्हणाले होते, घरी येऊन प्रभुभोजन देतो. मीच नको म्हटलं. चौथी शिकलेला वेल्डर मी, पण देवळातल्या वेदीपुढचा लोखंडी कठडा माझ्या हातचा. देव त्या कठड्यापलीकडच्या शुभ्र प्रकाशात वसतो, खाटेपाशी, औषधांच्या दर्पात कशाला येईल, ही माझी गुर्मी. ती भांडली नाही. रविवारी मी परतलो, की भाकर घेतलेला माझा तळहात ओढून घ्यायची आणि डोळे मिटून हुंगायची. त्या सकाळी कठड्याशी गुडघे टेकले, भाकर हाती आली, आणि तिचा तो श्वास आठवला. भाकर रुमालात गेली, आणि द्राक्षरसाच्या प्याल्यासाठी न थांबता मी उठलो.

दाराशी उतरतो तो मागून पाळकांची स्कूटर.

“काका, थांबा! रुमालात काय घेऊन चालले?”

मान मी जन्मात खाली घातली नाही. “तिच्या वाट्याचं,” म्हटलं.

“मंग प्याला कावून सोडला? चोरी तरी पुरी करा जी!” हसत त्यांनी पिशवीतून प्याला काढला.

“पाहा पाळकसाहेब,” सुशीला आतून म्हणाली, “म्हातारपणी चोर निघाला माहा नवरा!” खोकला येईतो हसली. प्रार्थना झाल्यावर तिनं तुकड्याचे दोन केले. “तुमीबी उपाशीच आले न? घ्या.”

मी गुडघ्यांवर आलो. तोल जाऊ नये म्हणून खाटेची दांडी धरली, आणि अंगठ्याखाली वेल्डिंगचा ओळखीचा उंचवटा लागला. कठड्याच्या उरलेल्या पाइपांतूनच ही खाट मी जोडली होती! वर्षभर रोज हीच दांडी धरून तिला उठवत होतो, बसवत होतो, पाणी पाजत होतो.

पाळक गेले. खिडकीतलं ऊन खाटेवर चढलं.

“उठा न आता,” ती म्हणाली.

मला उठावंसं वाटेना.