माहेर आलं जयपूरला

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक गच्ची आहे. विद्याधर नगरातलं दुमजली घर, डिसेंबरचं कोवळं ऊन, दोरीवर वाळत घातलेली रजई. डाव्या बाजूने विनयाबाईंचा प्रवेश. वय साठ, अंगात मुलीचा स्वेटर, हातात मेथीची जुडी. त्या कठड्याशी येतात, खाली गल्लीत बघतात आणि परकी बाई म्हणून गल्लीतलं कुणीही वर बघत नाही. याचंच त्यांना केवढं सुख!

विनयाबाई मॉरिशसच्या. त्यांच्या खापरपणजोबांना रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर नेलं, तेव्हापासून पाच पिढ्या त्या बेटावरच. घरात बोलणं क्रिओलमध्ये. मराठी यायची ती आरतीला, लग्नाला आणि आजी रागावली की. ती टिकावी म्हणून विनयाबाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. त्यांची मराठी त्यामुळे इस्त्री केलेली, पुस्तकातली. मुलगी अवनी पुण्याला शिकायला आली, निमिषच्या प्रेमात पडली, आणि निमिषची नोकरी जयपूरची म्हणून इथं येऊन राहिली. आता तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास नको. तेव्हा विनयाबाईंनी वर्षभराचा व्हिसा काढला आणि त्या स्वतःच निघाल्या.

खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक गोपीनाथराव मूळचे चिपळूणचे, विमा कंपनीत अधिकारी. बदलीवर जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. पहिल्याच दिवशी निमिष त्यांच्याकडे एक फॉर्म घेऊन गेला. घरी परदेशी माणूस उतरलं की चोवीस तासांत घरमालकाने तसं कळवायचं असतं.

"परदेशी कोण?" गोपीनाथरावांनी चष्मा वर केला.

"काका, आई. पासपोर्ट तिकडचा आहे ना."

"अरे जा! ह्यांचे पूर्वज रत्नागिरीचे, मी चिपळूणचा. मधे फक्त थोडा समुद्र आला. हे कागद गोऱ्यांसाठी असतात. माहेरवाशीण घरी आली तर कुणी पोलिसात वर्दी देतं का? काय हो विनयाताई?"

विनयाबाई मान हलवून हसल्या. खरं तर त्यांनी आग्रह धरायला हवा होता. शाळेत त्यांनी मुलांना एक साधा अर्ज चार चारदा लिहायला लावला होता. पण 'परदेशी कोण?' हा प्रश्न कानाला इतका गोड लागला, की त्या फॉर्मचं नाव काढवेना. निमिषला वाटलं, काका भरतील. काकांना वाटलं, विषय संपला.

दिवस मजेत गेले. भाजीवाल्याला त्या "कृपया अर्धा किलो गाजर द्यावे" असं हिंदी वळणावर म्हणायच्या, आणि तो "जी, माताजी" म्हणून वर कोथिंबीर टाकायचा. गोपीनाथरावांच्या पत्नी सुमनताई त्यांना डिंक कुठला चांगला ते दाखवायला घेऊन गेल्या. बाळंतिणीसाठी केलेले लाडू गोपीनाथरावच चाखून संपवत होते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी निमिष लॅपटॉप घेऊन बसला. एवढ्या लांब मुक्कामासाठी विनयाबाईंनी चौदा दिवसांत स्वतःची नोंदणी करायची होती. अर्ज भरत भरत तो एका ओळीपाशी थांबला. घरमालकाच्या फॉर्मचा क्रमांक मागत होते.

गोपीनाथराव खालून वर आले, आणि ती ओळ वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"भरला नाही?" सुमनताई जिन्यातूनच कडाडल्या. "छत्तीस वर्षं लोकांचे क्लेम परत पाठवलेत, कागद उशिरा आला म्हणून! आणि आता?"

"अगं, मला वाटलं आपलंच माणूस…"

"आपल्याच माणसाला घालवाल तुम्ही परत!"

अवनी पोटावर हात ठेवून आईकडे बघत होती. "आई, तुला जायला सांगितलं तर?" तिने क्रिओलमध्ये विचारलं. विनयाबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. लेकीच्या बाळंतपणात त्यांना नुसतं पाहुणी म्हणून यायचं नव्हतं, त्यांना तिथं असायचं होतं. रात्रीचं उठायला, शेक द्यायला, बाळाला न्हाऊ घालायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथराव कोट-टाय घालून दारात उभे. निवृत्तीच्या समारंभानंतर तो कोट आज प्रथमच बाहेर आला होता. "चला विनयाताई. चूक माझी आहे, मी येतो."

परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात टेबलामागे शाल पांघरलेल्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी तारखा पाहिल्या. "तेरह दिन? अंकलजी, क्यों?"

"मॅडम, गलती पूरी मेरी," गोपीनाथराव उभं राहूनच म्हणाले. "इनको मेहमान समझा. विदेशी समझा ही नहीं."

"मेहमान और विदेशी एक ही आदमी हो सकता है, अंकलजी." बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "यही लिखकर दीजिए. फॉर्म यहीं भरिए." मग त्या विनयाबाईंकडे वळल्या. "और आप? इतने लंबे समय के लिए क्यों आई हैं?"

विनयाबाईंनी पदर सावरला. "बेटी की पहली डिलीवरी है. मायके में होनी चाहिए. वह आ नहीं सकती थी, तो मैं मायका ले आई."

बाईंची लेखणी थांबली. "पीहर उठाकर ले आईं!" त्या मोठ्याने हसल्या. पलीकडच्या टेबलावरचा शिपाईसुद्धा हसला. "अर्ज आज चला जाएगा, समय के अंदर है. दो-चार दिन लगेंगे."

ते दोन-चार दिवस विनयाबाईंनी बॅग पलंगाखालून काढून उघडीच ठेवली आणि धुतलेले कपडे कपाटात न लावता तिच्यातच ठेवले. गोपीनाथराव दर तासाला जिन्यातून विचारत, "आलं का?" आणि सुमनताई खालून म्हणत, "आलं की ताईच ओरडतील, तुम्ही गुडघे सांभाळा."

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. निमिषने मेलवर आलेला कागद फोनवरच उघडला आणि मोठ्याने वाचला. परवानगी व्हिसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत होती. पुढचा हिवाळा लागेपर्यंत. अवनी रडायला लागली, गोपीनाथरावांनी तिथल्या तिथं दोन्ही हात जोडले. विनयाबाईंनी लेकीला जवळ ओढून तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि त्या आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या,

"बाळराजे, आपण अगदी सावकाश यावे. आजी कुठेही जात नाही."