चार कमानी आणि निळी पट्टी

ताई, आपला धाकटा मिलिंद आणि मी हट्ट्याहून निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीतून तू भाकरीचं गाठोडं आत दिलंस. बाबा कंडक्टरला सांगत होते, "लेकरं पहिल्यांदाच चाललेत, परभणीला टेशनापाशी उतरवा." मिलिंद एकोणीस वर्षांचा, त्याला हसू येत होतं.

पुण्यात मी बोर्ड रंगवायचो, तो बांधकामावर जायचा. नदीवरच्या दगडी पुलाच्या कमानीखाली आम्ही पत्रे ठोकून राहिलो. तुला मी "खोली मिळाली" एवढंच लिहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. भर दुपारी. आम्ही दोघं वर रस्त्यावर आलोही होतो. तेवढ्यात शेजारच्या लंगड्या म्हातारीची हाक आली. "आलोच, दादा," म्हणत मिलिंद मागं फिरला. म्हातारीला त्यानं वर ढकललं, लोकांनी ओढून घेतलं. त्याच्या हातापर्यंत माझा हात पोचला नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. इथवर तुला ठाऊक आहे.

चार वर्षांनी एका हॉटेलमालकानं भिंतीवर तोच पूल काढायला सांगितला. "साधा काढा, पेंटर. चार कमानी, खाली निळी पट्टी. झोपड्या, माणसं नकोत, गिचमिड होते." मी तसाच काढला. सगळे वाखाणत होते.

तेव्हा आई डोळे दाखवायला आली होती. तिला भिंत दाखवायला नेलं. बराच वेळ पाहून म्हणाली, "लई साफ काढलास. पर आपला मिलिंद ह्यात कुठं ऱ्हात व्हता?"

मी दुसऱ्या कमानीखाली बोट ठेवलं.

"मंग इथं काहून काहीच न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मी तिथं बोटभर छप्पर काढलं, दारात एक माणूस. मालक म्हणाला, "हा डाग घालवा." आणि मी घालवला, ताई. मला दुसरं काम मिळालं असतं, तरी त्याच ब्रशनं निळा रंग फिरवला. आईला मात्र सांगितलं, कमानीखाली छप्पर रंगवलंय, अजून तसंच आहे. ती ते खरं धरूनच वारली.

आता इथं माझं घर आहे, दारावर नाव आहे. तू फोनवर म्हणतेस, "काहून तिकडं पडून राहिला? ये की गावाकडं." तिथं मिलिंदची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. इथं ती म्हातारीही गेली. मी निघालो, तर तो या शहरात राहत होता हे सांगणारं कोणी उरणार नाही.