कुणी न शिकवता वाचायला लागलेली मुलगी

आमची मुलगी कुणी न शिकवता वाचायला लागली, असं मी एक अख्खा हिवाळा जयपूरभर सांगत फिरले. बोलून चालून माझा तो धंदाच. झालाना भागातल्या एका कॉलेजात मी बालविकास शिकवते. लहान मूल स्वतः करून शिकतं, त्याची तयारी झाली की ते आपणहून हात पुढे करतं, मोठ्यांनी खोली मांडून द्यावी आणि गप्प बसावं, हे माझ्या विषयाचं सार. त्यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड. विद्यार्थिनींना मी बालवाडीत जमिनीवर बसवते आणि सांगते, मूल अडलं तरी तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं.

घरीही हाच कायदा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता नव्हता. वाळूची परात होती, डाळींचे डबे आणि त्यांची झाकणं होती, खालच्या फळीवर चित्रांची पुस्तकं होती. शेजारीण अधूनमधून टोचायची, "मैडम, आपकी वाली अभी तक ए भी नहीं लिखती?" मी हसून सोडून द्यायचे. नवरा डॉक्टर. त्याची ओपीडी संपते तेव्हा माझे तास चालू असतात, म्हणून मुलीच्या दुपारी त्याच्याकडे. आम्ही बागेत जातो, असं तो सांगायचा.

एका संध्याकाळी राजा पार्कच्या बाजारात दुधाच्या दुकानापुढे ती थांबली. साडेचार वर्षांची होती. पाटीकडे मान वर करून बघत म्हणाली, "आई, इथे मतलब दही लिहिलंय ना?"

मी शाबास म्हटलं नाही. शाबासकीची चटक लागली की मूल शाबासकीसाठीच वाचतं, हेही मीच शिकवते. पण त्या दिवशी दही जरा जास्तच घेतलं, आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. मग हळूहळू 'दवा' आलं, 'जूस' आलं, 'मिठाई' आलं. मी वर्गात सांगितलं. पालकांच्या सभेत सांगितलं. तिथे एका आईने सगळ्यांसमोर विचारलं, मुलाची ट्यूशन बंद करू का? मी म्हटलं, खुशाल करा, माझ्या घरात बघा काय झालंय.

थंडी सरत आली होती. आम्ही दोघी पताशीच्या गाडीपाशी उभ्या होतो. पताशी म्हणजे इथली पाणीपुरी. एक तरुण मुलगी स्कूटी लावून आली आणि सरळ माझ्या मुलीपुढे वाकली. "अरे, हमारी स्टार! मम्मी को सब पढ़के सुनाती हो ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मैं इसकी टीचर, मैम. गोपालपुरा में. सर तो रोज छोड़ने आते हैं."

गोपालपुऱ्यात इंजिनिअरिंगचे क्लास आहेत, डॉक्टरकीचे आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक. केजीच्या प्रवेशाचाही क्लास तिथे असतो, हे मला त्या गाडीपाशी कळलं. मी मुलीकडे पाहिलं. तिने आधी त्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "आई, मी यांना ओळखत नाही."

हिंदीचा एक शब्द न घालता बोललेलं तिचं ते पहिलं मराठी वाक्य असावं. मुलं खोटं बोलायला लागतात ती साधारण याच वयात. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे त्यांना कळायला लागतं, म्हणून ती बोलतात. ही वाढीची खूण आहे, घाबरू नका, असं मी दरवर्षी वर्गात सांगते. हातातला द्रोण मी तसाच गाडीवर ठेवला आणि तिला घेऊन निघाले.

घरी नवरा मटार सोलत बसला होता. मी विचारलं, "ही गोपालपुऱ्यात जाते?"

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "शाळेत मुलाखत घेत नाहीत म्हणतात, पण इंटरॅक्शन घेतात. तिथे हिला काहीच आलं नसतं तर?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

एवढ्यावर थांबला असता तर आम्ही चार दिवस भांडलो असतो आणि मिटलं असतं. पण मला ती दह्याची संध्याकाळ आठवली. मी विचारलं, "मग ते दही?"

"तिला तेव्हा बरंच वाचता येत होतं," तो म्हणाला. "आणि तू रोज वाट बघत होतीस. म्हणून मीच तिला म्हटलं, आईला सरप्राइज दे, शिकवल्याचं सांगू नको. तू इतकी खूश झालीस, की मग आम्ही दर आठवड्याला एक शब्द ठरवायला लागलो."

आम्ही. तो शब्द मला क्लासपेक्षा जास्त लागला. मी डोळे उघडे ठेवून, तोंड बंद ठेवून जे बघत होते, ते बापलेकीने दुपारी बसवलेलं नाटक होतं, आणि प्रेक्षक मी एकटी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते असं. त्याने हे प्रेमाने केलं, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे जास्तच संताप येत होता. माझ्या मुलीने पहिला शब्द आपणहून कसा वाचला असता, हे आता मला कधीच कळणार नाही. ते त्याने माझ्याकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ट्यूशनवाल्या आईला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती समजूत घालत म्हणाली, "कोई बात नहीं मैडम, हमने ट्यूशन बंद ही कहाँ की थी."

क्लास बंद झाला. नवऱ्याने माफी मागितली, मी ठीक आहे म्हटलं. ठीक काही नव्हतं. मग एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना मुलगी स्वयंपाकघरात आली. स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत नीट लावलेली, एकही चुकलेलं नाही. "आई, बघ, मी अपने आप लावली."

माझी नजर तिच्या डोक्यावरून मागे दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे गेली. त्याने मान हलवली, नाही, मी हातही लावला नाही. मी पुन्हा खाली बघेपर्यंत तिची बोटं बटणं काढायला लागली होती.

"थांब," ती म्हणाली, "मी फिरसे लावते. तू बघत राहा."