चिठ्ठीतला प्रश्न

चिठ्ठ्या वाटून झाल्या. माझ्या हातात फळा पुसायचं फडकं आलं.

आंजी गावची शाळा, सहावीचा वर्ग. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. आता शिक्षकाने नुसतं बोलायचं नाही, मुलांनी प्रश्न विचारत शिकायचं, असा आदेश निघाला होता. म्हणून मुलांचे प्रश्न सरांनीच लिहून काढले. आठ चिठ्ठ्या. पहिली प्राचीला. ती शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी. तिची रिबीन रोज इस्त्रीची असायची.

साहेब आले. धडा बियांचा होता. प्राची उभी राहिली. "सर, बी उगवायला काय काय लागतं?" याचं उत्तरही तिला पाठ होतं. साहेब म्हणाले, "वा. मुलं स्वतः शिकतायत."

मीही हात वर केला. "सर, बी उलटं पेरलं तर..."

सर हसत हसत माझ्या बाकाजवळ आले. साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "तुले चिठ्ठी देल्ली का? नाई ना? मंग फळा पूस. प्रश्न इचाराचं तुह्या घरच्यायचं काम नोहे."

मागची पोरं हसली. प्राची हसली नाही. तिने फक्त रिबीन सारखी केली.

मी फळा पुसला. खरं सांगते, तेव्हा मला न्याय वगैरे काही नको होता. मला प्राचीची चिठ्ठी हवी होती. सुटीत ती मी तिच्या दप्तरातून काढून घेतली. कित्येक वर्षं माझ्या कंपासपेटीत होती.

संध्याकाळी बाबा शेतातून आले. मी जेवत नाही हे त्यांनी पाहिलं. सरांनी प्रश्न विचारू दिला नाही, एवढंच मी म्हणाले. "काय इचारत होती तू त्याइले?"

मी सांगितलं. बी उलटं पेरलं तर मूळ आभाळाकडे जातं का?

"मले काय माईत, माय. पेरून पाहू."

बाबा चौथी शिकलेले. त्यांनी फुटक्या माठात माती भरली. सरकीचे चार दाणे, टोक वर करून, माझ्याच हातून लावून घेतले. आठवड्याने म्हणाले, "आता तूच उकरून पाह्य." पांढरं मूळ टोकातून निघून खाली वळलं होतं. बाबा माझ्याइतकेच वाकून पाहत होते.

मी शिक्षिका झाले. बोरगाव मेघेला नोकरी लागली. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मीही चिठ्ठ्या लिहू लागले. माझं अक्षर सरांपेक्षा चांगलं. चिठ्ठ्या द्यायचे त्या नीटनेटक्या, धीट मुलांना.

गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर शेवटच्या रांगेतली गौरी उठली. चिठ्ठी नव्हतीच तिच्याकडे. "मॅडम, पाऊस आला हे विहिरीतल्या बेडकाले कसं समजते?"

तिचा आवाज जराही कापला नाही. मला राग आला नाही. हेवा वाटला. इतकी सहज कशी उठली ही? माझ्यासारखी अर्ध्यात का नाही थांबली? मी म्हणाले, "चिठ्ठी आहे का तुझ्याकडे? मग खाली बस."

ती बसली. तिच्या जागी मला मी दिसले नाही. माझ्या जागी सर दिसले.

हे मी बाबांना सांगणार होते. रोज उद्यावर टाकत गेले. बाबा जाऊन चार महिने झाले. तेराव्यानंतर परसात तो माठ सापडला, उपडा. त्याच्यापाशी बसून मी रडले, पण बाबांसाठी किती आणि गौरीसाठी किती, मला सांगता येणार नाही.

परवा मोठ्या मॅडमनी, मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. "सोमवारी साहेब आहेत. चिठ्ठ्या करून ठेवजा."

"या वेळी चिठ्ठ्या नाहीत, मॅडम."

"अव्हो, पोट्टे काहीही इचारतीन."

"विचारू द्या."

"अन् तुम्हाले उत्तर नाई आलं तं? साहेबांसमोर?"

"तर येत नाही म्हणेन."

त्यांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "शेरा तुमच्या नावानं पडन. मी मधात येणार नाई."

प्राचीची चिठ्ठी मी काल फाडली. गौरीला सांगितलं, बेडकाचा प्रश्न सोमवारी पुन्हा विचार. उत्तर मला अजून ठाऊक नाही. विहीर शाळेमागेच आहे, साहेबांनाही सोबत नेऊ.

तिचा हेवा अजून गेलेला नाही. राहू दे. पण तिला आता मी खाली बसवणार नाही. आणि फळा मी पुसीन.