खुंटीवरच्या चपला

माझी मुलगी मला रोज सकाळी बजावते, "आई, फिरायला निघालीस की लोकेशन चालू ठेव." जरीपटक्यातल्या आमच्या घरापासून बागेपर्यंत सात मिनिटांची वाट. तेवढ्यात तीन चहाच्या टपऱ्या लागतात आणि निम्मं मार्केट भेटतं. तिथून मला कोण उचलून नेणार आहे? तरी मी लोकेशन चालू ठेवते. राग माझ्या नाकावर बसलेला असतो, हे आमच्याकडे दूधवाल्यालाही माहीत आहे. पण या एका बाबतीत मी तोंड उघडत नाही, आणि त्याचं कारण कुही तालुक्यातल्या एका फाट्यावर आहे.

तेव्हा मी तिशीतली होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बस मला फाट्यावर उतरवायची आणि गाव तिथून तीन किलोमीटर आत. रोज एकटीने पायी जायचं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधे एक नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल. मोबाइल होता, पण फाटा सोडला की रेंज जायची.

फाट्यावर एक टपरी होती. चहा करणारी बाई साठीच्या पुढची. लोक तिला तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठीमागे बुढी. शेजारी तिची सून भजी तळायची. पहिल्याच दिवशी मी बसमधून उतरले तशी मावशीने मला हटकलं.

"कुठी जाऊन राहिली वं बाई?"

"शाळेत."

"एकटीच?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

तिला राग आला नाही. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "ह्या चपलांनी? बांधावर साप निघतेत. बूट घाल."

आठवडाभर मी ऐकलं नाही. मग एका सकाळी माझ्या पायापासून हातभर अंतरावरून एक लांबलचक जनावर सळसळत पाण्यात उतरलं, आणि मी त्याच रविवारी काळे गमबूट आणले. साडीखाली गमबूट. पोरं आठ दिवस हसत होती. बसमध्ये मात्र मी ते घालत नसे. फाट्यावर बदलायचे आणि चपला टपरीच्या मागच्या खांबाला अडकवायच्या, कारण खाली ठेवल्या तर कुत्रे पळवायचे.

त्या खांबाला चार-पाच खिळे होते. सगळे त्यांना खुंटी म्हणायचे. आत एकटं जाणाऱ्याने आपली एक वस्तू तिथे टांगायची आणि परत येताना आपल्या हाताने काढायची, हा तिथला रिवाज होता. टपालवाल्याची टोपी असायची, सर्वे करणाऱ्याची पिशवी असायची. शेवटची बस साडेपाचला. ती यायच्या आधी मावशी एकदा मागे जाऊन खांब बघायची. खिळे रिकामे असले की दुकान आवरायला घ्यायची.

वाटेचे धडेही तिनेच दिले. "मुक्यानं चालू नोको. डुक्कर दचकला तं अंगावर येते. गाणं म्हण, काही म्हण, तोंड चालू ठेव." माझा गळा गाण्याचा नाही, म्हणून मी पाढे म्हणायची. नाल्यापर्यंत एकोणीसचा पाढा व्हायचा, पुढे जंगलाच्या कडेने एकोणतीसचा, तोही खड्या आवाजात. दारू पिऊन कोणी वाटेत आडवा आला तर त्याला नातं लावून हाक मार, म्हणाली. नाव नाही माहीत तरी "काकाजी, घरी कधी जाता" असं विचार. एकदा तसं विचारलं तर तो माणूस ओशाळून खरंच घराकडे वळला.

हे सगळं आज इतकं गोड वाटतं. कापणीच्या दिवसांतला तो धानाच्या ओल्या तणसाचा वास आला की अजून पाय शिवशिवतात. पण तेव्हा मी चिडायची. संध्याकाळी उशीर झाला की ती रस्त्यावर येऊन उभी. "आली का वं?" दिसतेय ना आलेली? मी काय लहान पोर आहे? एकदा तोंडावर म्हटलंही तसं. ती म्हणाली, "चहा घे, थंडा होऊन राहिला."

मग तो दिवस आला. शाळेची तपासणी होती. साहेब जीपने आले होते, गावाच्या पलीकडच्या बाजूने, कच्च्या रस्त्याने. चारला काम आटोपलं आणि ते म्हणाले, "चला मॅडम, कुहीला सोडतो." मला आकाश ठेंगणं झालं. चालायचं नाही, चिखल नाही, कुहीहून थेट नागपूरची बस. जीपमध्ये बसल्यावर पायांकडे लक्ष गेलं. गमबूट. चपला फाट्यावरच राहिल्या होत्या. मनात म्हटलं, राहू दे, उद्या घेऊ.

चपला आठवल्या. मावशी नाही आठवली. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले तर चूल थंड. चपला खांबाला होत्या तशाच. सून एकटीच भांडी घासत होती, आणि तिने मान वर केली नाही. "सासू दवाखान्यात हाय," म्हणाली. शेवटची बस गेली, चपला खुंटीलाच, म्हणून म्हातारी चुलीवर पाणी ओतून काठी घेऊन आत निघाली. दिवस मावळत होता. सुनेने अडवलं तर म्हणाली, पाहून येतो. "बाई वं, बाई वं" ओरडत नाल्यापर्यंत गेली आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरली. मनगट मोडलं. गुराख्याने ओरडणं ऐकलं म्हणून सापडली. गावात नेल्यावर तिला कळलं, की बाई तर चार वाजताच जीपने गेली. मी त्या वेळी घरी पंख्याखाली बसून पोहे खात होते.

शाळा सोडून मी दवाखान्यात गेले. तिच्या हाताला प्लास्टर, केस विस्कटलेले. मी शिव्या खायच्या तयारीने गेले होते, खरं सांगते, मला त्या हव्याच होत्या. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बरी हायेस ना?"

मला रडू फुटलं. "काहून गेल्या तुम्ही मावशी? मी काय हरवणार होते का?"

"चपला होत्या ना वं तुह्या, खुटीले."

एवढंच बोलली. तिच्या मते त्यात आणखी सांगण्यासारखं काही नव्हतंच. तो हात नंतर कधी धड वळला नाही. चहाचं पातेलं ती डाव्या हाताने उचलायची आणि मी ते रोज पाहायची. पुढची चार वर्षं मी तिच्या डोळ्यांसमोर खुंटीवरून चपला काढल्या. बदली झाली त्या दिवशीही काढल्या, तिला दाखवल्या आणि मगच बसमध्ये चढले.

गेल्या हिवाळ्यात भिवापूरला नात्यातलं लग्न होतं. परतताना मी मुद्दाम फाट्यावर उतरले. मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती. टपरीवर आता सून होती, केस पांढरे झालेली. मला ओळखलं, चहा दिला. मी उठून मागे गेले. खांब तोच, आणि एका खिळ्याला लाल हेल्मेट.

"नर्सबाईचं," सून म्हणाली. "नाल्यावरचा रपटा वाहून गेला पावसात, गाडी जात नाही आत. इथं ठेवते, पायी जाते." मग रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "रोज चारले परत येते."

पाच वाजून गेले होते. साडेपाचची बस आली. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी हात हलवून नाही म्हटलं. सून भजी सोडून जागची हलू शकत नव्हती, समोर गिऱ्हाईकं होती. मी तिच्याकडून काठी मागून घेतली. गुडघे दुखत होते, भीती वाटत होती, नाही म्हणणार नाही. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. बांधीतले बगळे उडाले. पाढा तीनदा झाला आणि नाला दिसायला लागला, तोच समोरून आवाज आला.

"कोण आहे?"

पंचविशीची पोरगी, खांद्याला लसींचा डबा, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलात. एका बाळंतिणीकडे उशीर झाला होता, एवढंच. मला पाहून आधी घाबरली, मग चिडली. मला तिचा राग फार ओळखीचा वाटला.

"तुम्ही मला शोधायला आलात? एकट्या? मी काय लहान आहे का, काकू?"

माझा श्वास लागला होता. काठीवर दोन्ही हात टेकून मी तिला म्हटलं, "हेल्मेट होतं ना वं तुहं, खुटीले."